उणे एक कितीदा धरायचं

मामा,

आपल्या खेळातली माझी जडीबुटीवाली अजून त्या बारवेच्या वरच्या पायरीवर काठी उगारून उभी आहे. खाली पाण्यापाशी काय आहे ते तुम्ही आम्हाला दाखवलं नव्हतं. ओल्या दगडावर नखं घासल्यासारखा आवाज येतोय, एवढंच सांगितलं होतं. मी म्हणाले, मंत्र म्हणून काठी जागी करते आणि मारते. तुम्ही फासा माझ्या हातावर ठेवलात आणि लगेच उचलून घेतलात. म्हणालात, थांब, तुझं उणे धरायचं का नाही ते आधी ठरवू, पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी आपल्या बैठकीत सतरंज्या अंथरलेल्या होत्या. मामी भिंतीला टेकून बसली होती. कुणीतरी तिच्या हातात चहाचा कप देऊन गेलं होतं आणि तो तिने तसाच धरून ठेवला होता, साय धरेपर्यंत. त्या गर्दीत माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. नियम ठरायचा राहिला.

जलदानविधीला तुमच्या कचेरीतले साहेब बोलले. तुम्ही मातीचं ढेकूळ बोटांत चुरून तिचा पोत सांगायचात, परदेशात शिकायला जाऊनही परत आपल्याच जिल्ह्यात आलात, हे सगळं ते म्हणाले आणि ते खरं होतं. खेळाबद्दल कुणीच बोललं नाही, कारण तो कुणाला माहीतच नव्हता. तीन माणसांचा खेळ होता. आता आम्ही दोघी आहोत आणि गोष्ट सांगणारा नाही.

हे पत्र दुसरं कुणी वाचेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. तुम्ही कंटाळू नका.

तुम्ही अमेरिकेहून आलात तेव्हा लोकांना वाटलं होतं की टेपरेकॉर्डर आणला असेल. तुम्ही आणलीत एक कापडी पिशवी आणि झेरॉक्सच्या कागदांचा गठ्ठा. पिशवीत फासे होते, पण आपल्याकडच्यासारखे सहा बाजूंचेच नाहीत. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर वीस बाजूंचा, बोरासारखा गोल. तिथल्या हॉस्टेलमध्ये बाहेर बर्फ पडत असताना पोरं हा खेळ खेळायची आणि तुम्हालाही ओढायची. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक. प्रत्येकाचा जोर किती, चपळाई किती, अक्कल किती, हे आकड्यांत ठरलेलं असतं. आकडा चांगला असला की फाशावर पडेल त्यात काहीतरी मिळवायचं, वाईट असला की वजा करायचं. माणूस जसा असेल तसं त्याचं अधिक-उणे.

नावांवरून आपण किती भांडलो. मी सिस्टरांच्या शाळेत वाढलेली, माझं मराठी पुस्तकातून आलेलं. मी 'बल' म्हणाले, 'प्रज्ञा' म्हणाले. मामी चारठाण्याची. ती म्हणाली, "बल काय बल, जोर म्हन की सरळ. आन् ते प्रज्ञा नको, जाण म्हन. जनावराला बी असती ती." तिचंच राहिलं. खेळातली तिची लढवय्यी अधिक तीन जोराची होती. माझ्या जडीबुटीवालीचा जोर उणे एक आणि जाण अधिक दोन. ते आकडे फाशांनी दिले होते, पण तुम्ही फाशांकडे बघून माझ्याकडे बघितलंत आणि हसलात. फाशांना माणूस ओळखू येतो, म्हणालात.

मी भित्री आहे हे तुम्हाला माहीत होतं. ते कुठून आलं तेही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या साली मी दुसरीत होते. आसपासच्या गावांत वस्त्या पेटल्याच्या बातम्या येत होत्या आणि आपली सगळी घरं उठून ज्वारीत जाऊन बसली होती. आपल्या गावात काही झालं नाही. दिवसभर आईने माझं तोंड हाताने दाबून धरलं होतं आणि काही झालं नाही. नंतर मला शिकायला दूर पाठवलं. तिथे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे, कुणी काही विचारायचं नाही. पण ज्या गोष्टी होतात त्यांची भीती कधीतरी संपते. जी होणार होती आणि झाली नाही ती तशीच राहते, खालच्या पायरीवर. मी तो हात अजून तोंडावर घेऊन फिरते.

तो हात फक्त तुमच्या रविवारी सुटायचा. कॉलेजसाठी मी तुमच्याकडे राहायला आले आणि पहिल्याच रविवारी तुम्ही मला फासे दिलेत. खेळात मला बोलावंच लागायचं. 'मी घाबरून झाडामागे जाते' असं म्हटलं तरी तुम्ही विचारायचात, कोणत्या झाडामागे, तिथून काय दिसतं. मामा, मला आयुष्यात इतके प्रश्न कुणी इतक्या निवांत आवाजात विचारले नाहीत.

आता त्या चुकीबद्दल. तुम्ही ती कुणाला सांगू नको म्हणाला होतात, पण तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ती झाली नसती, म्हणून सांगते.

नियम साधा होता. तलवार मारली की तलवारीचा फासा टाकायचा आणि मारणाऱ्याच्या जोराचं अधिक-उणे त्यात धरायचं. पण मांत्रिकाने तलवारीवर जाळ चढवला असेल तर जाळाचा आणखी एक फासा पडतो. त्यातही जोर धरायचा का? झेरॉक्सवर त्या ठिकाणी नुसता करडा डाग होता. तुम्ही ठरवलंत, धरायचा. कारण प्रयोगशाळेत तुम्ही तसंच करायचात. मातीचे दोन नमुने आले तर ओलाव्याची दुरुस्ती प्रत्येकाला वेगळी करायची, एकाची दुसऱ्याला चालत नाही. तुम्ही प्रत्येक फाशाला एकेक नमुना समजलात. त्यामुळे मामीच्या तलवारीला जाळ लागला की तलवारीवर तीन आणि जाळावर परत तीन. कसलेही राक्षस यायचे आणि ज्वारीच्या ताटासारखे आडवे व्हायचे. मामी भाकरी थापताना सुद्धा खुशीत असायची.

मग गेल्या दिवाळीत तुम्हाला शंका आली. इतकी वर्षं एकही राक्षस टिकत कसा नाही, म्हणालात. शेजारच्यांच्या म्हशीसाठी आणलेलं सरकीचं पोतं तुम्ही मागून आणलंत, अंगणातल्या लिंबाला टांगलंत आणि मामीला काठी दिलीत. आधी नुसती जोरात मार. पोत्याला खड्डा पडला. मग काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळून रॉकेलात बुडवली, पेटवली. जोरात मार. खड्डा तेवढाच आणि वर तळहाताएवढा काळा डाग. आता हळू मार. खड्डा जेमतेम, पण डाग तळहाताएवढाच. तुम्ही त्या दोन डागांवर वीत ठेवून पाहिलीत, उकिडवे बसून, रानात बसता तसे.

"जोर घावात जातो," तुम्ही म्हणालात. "जाळात जात नाही. एका घावाला जोर एकदाच."

मामी काठी धरून उभी होती आणि मागे सरकी धुमसायला लागली होती. ती म्हणाली, "म्हंजी माहे तीन गेले? इतके दिस मारले ते काय फुगीवले होते?"

तुम्ही म्हणालात की हो, आपले सगळे विजय फुगीव होते. मामीने काठी टाकली, पोत्यावर बादली ओतली आणि तुम्हाला जेवायला वाढणार नाही असं सांगितलं. वाढलं अर्थात. ती सरकी त्या म्हशीने तोंडात धरली नाही.

मी पायरीवर बसले होते. मनात हिशेब झाला होता पण मी तो गिळला, नेहमीसारखा. तुम्ही चहा पिताना मध्येच थांबलात. बशी खाली ठेवलीत.

"पोरी," तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुझं दोनदा कापलं."

कारण माझी काठी मंत्राने जागी झाली की तिचेही दोन फासे पडायचे, एक काठीचा, एक मंत्राचा. मामीला दोन्हीवर तीन मिळत होते. माझे दोन्हीवरून एकेक जात होते. जाण अधिक दोन असूनही मंत्राच्या फाशातून माझ्या दंडाची दुबळाई वजा होत होती. इतकी वर्षं माझी जडीबुटीवाली होती त्यापेक्षा दुबळी धरली गेली होती आणि मला ते बरोबर वाटत आलं होतं.

तुम्ही फार अस्वस्थ झालात. खेळच तो, असं मामी म्हणाली तेव्हा तुम्ही मान हलवलीत. तुमचं वाक्य मला पाठ आहे. "नियम करताना मी अधिकवाल्याकडं बघितलं. उणेवाल्याकडं बघून करायला पाहिजे होता."

मी तुम्हाला त्यासाठी काही बोलले नाही. आज बोलते. माझं काही चुकलेलं नाही असं तुमच्या तोंडून ऐकलं, आणि तेही आकड्यात. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

एक नियम सुटला म्हणून माझी जीभ सुटली. मी पुढचं मागितलं. मंत्राच्या फाशातून उणे गेलं, ठीक. पण काठीच्या फाशातून तरी का धरायचं? मंत्र माझा. काठी जागी होते ती माझ्या जाणेने. मग काठीवर जोराचं उणे एक न धरता जाणेचं अधिक दोन धरा. तुम्ही म्हणालात, हात तुझाच आहे ना. मी म्हणाले, मंत्र नसता तर काठीचं लाकूडच राहिलं असतं. तुम्ही म्हणालात, हात नसता तर ते लाकूड जमिनीवर राहिलं असतं. मामी म्हणाली, नवराबायकोसारखं काय भांडायलात, धरा की निम्मं निम्मं. आपण दोघंही तिच्यावर एकदमच ओरडलो. मी ओरडले, मामा. मी.

हा वाद कित्येक रविवार चालला. शेवटी एकदा तुम्ही जरा गंभीर झालात आणि गावाकडच्या बोलीत आलात, तुम्ही खरं बोलायला लागलात की यायचात तसे. "खेळात मी तुहं उणं पुसलं, तर भाईर गेल्यावर तुला वाटंल का कुनीतरी पुसणार हाय."

मला राग आला. मी एवढंच म्हणाले की हा खेळ आहे. जे म्हणायचं होतं ते म्हणाले नाही. म्हणायचं हे होतं की बाहेर तुम्हीच पुसत होतात, मामा, प्रत्येक वेळी.

तुमची ती पद्धत. एस.टी.त असो, दवाखान्यात असो, कुणाच्या ओट्यावर असो, नवं माणूस भेटलं की ते इकडून तिकडून येणारच. पाव्हणे कुठले, कोणाचे, आडनाव काय. तुम्ही ते येऊच द्यायचा नाहीत. आपणहून नाव, वडलांचं नाव, आडनाव, आणि वर हसून, आमी बौद्ध. समोरच्याचा चेहरा हलायचा. कधी उघडायचा, कधी मिटायचा. मी तुमच्या पाठीमागे उभी राहून तो चेहरा बघायचे. तुम्ही बोलून टाकलंत की मला काही बोलावं लागत नसे. माझ्याकडे बघून लोक स्वतःच काहीतरी ठरवत, शहरातली, इंग्रजी शिकलेली, आणि ते काय ठरवतील याची मला भीती वाटत राही. ठरवल्यानंतर कळलं तर काय होईल, याची त्याहून जास्त.

संक्रांतीला नामांतर झालं. तुम्ही सकाळी रेडिओ मोठा लावलात, मग थोड्या वेळाने लहान केलात. मामीने तिळगूळ केला होता तो आपल्याच गल्लीत वाटला. बाजारातली अर्धी शटरं खाली होती. आनंद झाला होता आणि तुम्ही सायकल नेहमीपेक्षा लवकर आत घेतलीत. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होत्या आणि त्यात काही विचित्र आहे असं आपल्यापैकी कुणाला वाटलं नाही.

त्याच सुमारास माझी ऑर्डर आली. गंगाखेडच्या पुढे, राणीसावरगावच्या वाटेवरच्या एका गावात हायस्कूलला इंग्रजीची शिक्षिका. ठरलेल्या मुदतीत रुजू झालं नाही तर नेमणूक रद्द. गाडीच्या वेळा अशा की रोज येऊन जाऊन जमणार नाही, गावातच खोली बघायला हवी. अनोळखी गाव, आणि असे दिवस. मी ऑर्डर तुमच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन उभी राहिले. तुम्ही आतून म्हणालात, मी येतो की सोबत. मला तेवढं पुरे होतं. म्हणजे तुम्ही बोलणार होतात.

आणि मग ती शेवटची बैठक, बारव, उगारलेली काठी, पुढच्या रविवारी. आठवड्याच्या मध्यावर तुम्ही कुणाच्या तरी शेतात मातीसाठी खड्डा घेत होतात आणि तिथेच बसलात. एवढंच सांगतात. बसले, म्हणतात. उठले नाहीत असं कुणी म्हणत नाही.

मामा, मी तुमच्यासाठी रडले ते खरं, पण तुम्हाला सगळं सांगायचं तर रडण्याच्या मधल्या मोकळ्या जागेत भीती होती. आता माझ्यापुढे कोण उभं राहणार, ही. माणूस गेल्यावर असा विचार यावा का, मला माहीत नाही. तो आला.

आई म्हणाली, जाऊ नको. वातावरण निवू दे, दुसरी नोकरी मिळेल. बाबांचंही तेच होतं. मला हायसं वाटलं. रात्री अंथरुणात पडल्यावर त्या हायसं वाटण्याचीही भीती वाटायला लागली, कारण ते आईचा हात तोंडावर असताना वाटायचं तसंच होतं. मुदत संपायला आली तेव्हा मामी, जी तुम्ही गेल्यापासून न्हाणीपलीकडे गेली नव्हती, ती उठली, इस्त्रीचं पातळ नेसली आणि मला म्हणाली, चल, मी येते.

मला वाटलं, झालं. अधिक तीन सोबत आहे.

गंगाखेडपर्यंत ती बोलत होती. तुमच्या मित्रांना शिव्या देत होती, चहात साखर कमी टाकणाऱ्या जावेला शिव्या देत होती. पूल आला, गोदावरी खाली वाळूत बारीक झालेली होती, आणि ती गप्प झाली. पुढच्या गाडीत शेजारच्या बाईने तिला विचारलं, कुठं निघालात? मामीने खिडकीकडे तोंड वळवलं. मी पाहिलं तर तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला होता. माझ्या लक्षात आलं की मामी तुमच्याबरोबर निघाली की हातवारे करत जगाशी भांडायची, पण तिनेही नाव कधी स्वतः सांगितलं नव्हतं. तीही तुमच्याच पाठीमागे उभी असायची. मी मागे असल्यामुळे मला ते कधी दिसलं नाही.

गाडीतून उतरल्यावर ती म्हणाली, "मला काई बोलाया होणार न्हाई बाई. तू सांभाळ."

शाळेत रुजू होणं सोपं गेलं. मुख्याध्यापकांनी कागद पाहिले, सही घेतली, माझ्याकडे पाहण्याचं टाळून खोलीचं म्हणाले. शाळेमागे एक माळवदाचं घर आहे, त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे, विचारून बघा. त्या 'विचारून बघा'चा अर्थ मला कळला.

त्या माळवदाच्या ओट्यावर एक आजी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दारात बैल नव्हते, फक्त खुंटे. तिने आम्हाला नीट बसायला सांगितलं. बाई दिसता शाळंच्या, म्हणाली. खोली हाय, म्हणाली, उजेडाची हाय, माह्या नातवंडांना बी जरा इंग्रजी येईल. ती बोलत होती आणि मी मोजत होते, अजून नाही विचारलं, अजून नाही. ती चांगली होती म्हणून जास्त भीती वाटत होती. वाईट माणसाचा चेहरा मिटायला वेळ लागत नाही, तो मिटलेलाच असतो.

मामीने माझा पदर मागून धरला होता. लहान पोर धरतं तसा.

तेव्हा मला तुमची आठवण आली नाही, मामा. लोक लिहितात, अशा वेळी गेलेलं माणूस पाठीशी उभं राहिलं. माझ्या पाठीशी मामी होती आणि ती घाबरलेली होती. मला काय आठवलं सांगू? पोत्यावरचे दोन डाग. मी या ओट्यावर येईपर्यंत किती वेळा घाबरले होते. ऑर्डर आली तेव्हा, तुम्ही गेलात तेव्हा, गाडीत, पुलावर, शाळेच्या दारात. आणि आता या आजीच्या चेहऱ्याचं काय होईल म्हणून, आणि ते झाल्यावर माझं काय होईल म्हणून. एकाच घावाला मी उणे किती फाशांवर लावत होते. माझं उणे आहे, ते मी नाकारत नाही. तुम्ही म्हणत होतात तसं, हात माझा आहे. आपला वाद मी तुम्हाला सोडून देते. काठीच्या फाशात धरा माझं उणे एक. पण एकदा. आजीच्या चेहऱ्यात काय पडेल त्यात माझा जोर नाही आणि दुबळेपणाही नाही. तो तिचा फासा.

मी म्हणाले, "आजी, खोली बघायच्या आधी सांगते. मी करुणा खंदारे. या माझ्या मामी. आम्ही बौद्ध आहोत."

आवाज फाटला. शेवटचा शब्द जवळजवळ ऐकू आला नसेल असं मला वाटलं, पण तिला तो आला.

आजीचे हात शेंगांवर थांबले. ती रागावली नाही. तिने आतल्या दाराकडे पाहिलं, तिथे कुणीतरी उभं असल्यासारखं, आणि मग माझ्याकडे न बघता सुपात नसलेला कचरा वेचायला लागली. "खोली म्हंजी," ती म्हणाली, "पोराला इचारावं लागंल. तो न्हाईच म्हनतो आजकाल. तुमी दुसरीकडं बघा बाई."

मला वाटलं होतं की हे ऐकलं की मी कोसळेन. लहानपणापासून मी याच वाक्यापासून पळत होते, कोणत्याही शब्दांत येऊ दे. ते आलं. ते लागलं, मामा. ते किती लागलं ते मी इथे लिहिणार नाही. पण ते एकदाच लागलं आणि त्यानंतर तिथे दुसरं काही नव्हतं. दुपार होती, तुरीचा वास होता, एक म्हातारी मान खाली घालून बसली होती, तिलाही उठून आत जाता येत नव्हतं.

मामीने पदर ओढला, चल म्हणून. तुम्ही असतात तर तुम्हीही एव्हाना हसून नमस्कार करून निघाला असतात. तुम्ही चेहरा मिटलेला पाहिलात की वाद घालत नसायचात, तेवढं मी तुमच्या मागून पाहिलं आहे. मला ते तेव्हाही पटत नव्हतं.

"दुसरीकडं म्हणजे कोणाकडं, आजी?" मी विचारलं. "या गावात मला रोज राहायचंय. तुम्ही नाव सांगा."

तिने वर बघितलं नाही. मामीची मूठ माझ्या पदरात घट्ट होती, आणि आतल्या दारातून खरोखरच कुणाची तरी पावलं ऐकू यायला लागली होती. मी ओट्याच्या खांबाला हात लावला आणि तिथेच उभी राहिले, नाव ऐकल्याशिवाय हलायचं नाही म्हणून.